योरुबाची पहिली इयत्ता

योरुबा भाषेत केव्हाही आणि कोणालाही चालेल असा ‘नमस्कार’ या अर्थाचा एकच शब्द नाही. आपल्याकडे ‘जय जिनेंद्र’ म्हटले की सकाळ-संध्याकाळ, लहान-थोर, भेट आणि निरोप हे सारे त्यात सामावते. नायजेरियाच्या नैर्ऋत्येस, लागोस, इबादान, अबेओकुता, ओयो, इले-इफे या नगरांच्या प्रदेशात मात्र नवशिक्याचा पहिला महिना केवळ अभिवादने पाठ करण्यात जातो. सकाळी ‘ॲ काआरॉ’, दुपारी ‘ॲ कासां’, सायंकाळी ‘ॲ कूरॉलॅ’. हे तर सोपेच. पण कोणी काम करीत असेल तर त्याच्या जवळून जाताना ‘ॲ कू इशॅ’ म्हणावयाचे; ‘इशॅ’ म्हणजे काम. कोणी नुसता बसलेला असेल तर त्या बसण्यालाही अभिवादन आहे. बाहेरून घरी परतणारा घरातल्यांना ‘ॲ कू इले’ म्हणतो आणि घरातले त्याला ‘ॲ काबॉ’ म्हणून आत घेतात. बाळंतपण सुखरूप पार पडले किंवा कोणी दूरच्या प्रवासाहून नीट परतला, तर ‘ॲ कू एवू’; ‘एवू’ म्हणजे संकट, आणि येथे अभिनंदन आहे ते त्यातून सुटल्याचे. लग्नसमारंभात यजमानाला म्हणावयाचे शब्द तर कोणाही मराठी वधूपित्याला थेट उमजतील : ‘ॲ कू इनावो’, म्हणजे आपला जो खर्च झाला आहे त्याबद्दल आमचे अभिवादन!

ज्याला ठेच लागली, ज्याच्या हातून भांडे पडले, त्याला जवळचा माणूस तत्काळ ‘क्पॅलॅ’ म्हणतो. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सॉरी’ असा सांगितला जातो आणि नवागत बुचकळ्यात पडतो, की याने काहीच केले नाही, मग हा क्षमा का मागतो? ती क्षमा नसते. ‘अरेरे, लागले का?’ या आपल्या उद्गाराच्या ती जवळची आहे.

लागोसमध्ये व्यापार, औषधनिर्मिती, कापड, संगणक अशा व्यवसायांच्या निमित्ताने अनेक भारतीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहिली आहेत आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. नायजेरियाची राज्यभाषा इंग्रजी असल्यामुळे कचेरीत अडत नाही, बाजारात मोडकी ‘पिजिन’ इंग्रजी चालते, आणि म्हणून दहा वर्षे राहूनही योरुबाचा एक शब्द न आलेली माणसे सर्रास आढळतात. ज्याला वाहनचालकाच्या घरची विचारपूस करावयाची असते, घरकामाला येणाऱ्या बाईंच्या आईशी बोलावयाचे असते, तोच या भाषेच्या वाटेला जातो. चार कोटींच्या वर लोकांची ही भाषा. शेजारच्या बेनिन आणि टोगो या देशांतही ती बोलली जाते.

मराठी माणसाला या भाषेच्या उंबरठ्यावरच एक ओळखीची गोष्ट भेटते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद येथे आहे, आणि तो आपल्यापेक्षा कडक आहे. बरोबरीच्या किंवा लहान व्यक्तीला ‘ओ’, वडीलधाऱ्याला ‘ॲ’. वर दिलेल्या प्रत्येक अभिवादनाच्या आरंभी जो ‘ॲ’ आहे तो हाच आदराचा ‘तुम्ही’. भ्रमणध्वनीवरील धड्यांतून ‘बावो नी?’ म्हणजे ‘कसं काय?’ एवढेच शिकून जो साठीच्या गृहस्थांना तसे विचारतो, त्याच्याकडे लोक परदेशी म्हणून हसून पाहतात. स्वतःच्या मुलाने तसे विचारले असते तर हसले नसते. वृद्धांपुढे पुरुषाने पालथे पडून आणि स्त्रीने गुडघे टेकून वंदन करावे ही तेथील जुनी रीत आहे. साष्टांग नमस्कार पाहिलेल्या माणसाला तिचे नवल वाटणार नाही.

नात्यांच्या शब्दांत मात्र दोन भाषांचे मार्ग वेगळे होतात. मराठीत ‘दादा’ आणि ‘ताई’ यांत वय आणि लिंग दोन्ही येतात. योरुबात ‘ॲग्बॉं’ म्हणजे वडील भावंड, ‘आबूरो’ म्हणजे धाकटे भावंड. भाऊ की बहीण हे त्या शब्दांत नाही. वय आधी, बाकी नंतर. सर्वनामही तसेच : तो, ती, ते या तिन्हींसाठी एकच ‘ओ’. नामांना लिंग नाही, क्रियापदाला लिंग नाही. ‘मो लॉ’ हे पुरुषाने म्हटले काय आणि स्त्रीने म्हटले काय, ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ दोन्ही त्यातच. मूळ क्रियापद ‘लॉ’ शेवटपर्यंत बदलत नाही. जात असल्यास आधी ‘न्’, जाऊन झाले असल्यास आधी ‘ति’ एवढेच जोडावयाचे. ज्यांनी कोणा परप्रांतीयाला मराठीतील ‘तो खांब, ती भिंत, ते दार’ समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना या सुखाचे मोल कळेल.

पण सुनांविषयीची एक रीत दोन्हीकडे चमत्कारिकरीत्या जुळते. पारंपरिक योरुबा घरात लग्न होऊन आलेली मुलगी, तिच्या येण्यापूर्वी त्या घरात जन्मलेल्या सर्वांहून धाकटी मानली जाते, मग तो दीर पाच वर्षांचा का असेना. त्याला ती नावाने हाक मारीत नाही. ‘भावोजी’ आणि ‘वन्सं’ म्हणत परकरी नणंदेला अहो-जाहो करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. मुलाच्या नावाने आईला ओळखणे, ‘इया तायवो’ म्हणजे तायवोची आई, हेही आपल्या घरचेच.

व्याकरणाने दिलेली सवलत उच्चार वसूल करतो. योरुबा ही सुरांची भाषा आहे. प्रत्येक स्वर खालच्या, मधल्या किंवा वरच्या पट्टीत उच्चारावयाचा असतो आणि पट्टी बदलली की शब्दच बदलतो. तेथील शिक्षक मुलांना या तीन पट्ट्या ‘दो-रे-मी’ म्हणून शिकवतात. मराठी विद्यार्थ्याने ‘सा-रे-ग’ म्हटले तरी काम भागते. ‘ऑकॉ’ हा एकच उच्चार घ्या. दोन्ही स्वर मधल्या पट्टीत ठेवले तर अर्थ होतो नवरा. दुसरा वर नेला तर कुदळ. दुसरा खाली आणला तर वाहन. दोन्ही खाली ठेवले तर भाला. ‘माझे वाहन बिघडले आहे’ असे सांगताना काय काय घडू शकते याची कल्पना वाचकांनीच करावी.

व्यापारी घरांतील वाचकांसाठी दुसरे उदाहरण अधिक रंजक ठरेल. ‘ओवो’ मध्ये दुसरा स्वर चढा असेल तर पैसा. दोन्ही स्वर खाली असतील तर व्यापार. आता ‘ओ’च्या जागी ‘डॉक्टर’मधला ‘ऑ’ घाला. ‘ऑवॉ’चा दुसरा स्वर चढा असेल तर हात, दोन्ही खाली असतील तर आदर, आणि पहिला मधला व दुसरा खालचा असेल तर झाडू. पैसा, व्यापार, हात, आदर आणि झाडू! मराठी कानाला हे पाच शब्द सुरुवातीला एकच वाटतात, फार तर दोन. आपणही सुराचा उपयोग करतो, पण तो वाक्यासाठी : ‘आला?’ आणि ‘आला!’ यांत सूर प्रश्न किंवा आश्चर्य दाखवतो, ‘आला’चा अर्थ बदलत नाही. भारतात पंजाबी, मणिपुरी, मिझो या भाषांत सूर शब्दाचा अर्थ ठरवतो. त्या भाषकांचा कान या बाबतीत आधीच तयार असतो. कोकणी बोलणाऱ्यांनाही थोडी अधिक सवलत आहे, कारण योरुबातील नाकातले स्वर त्यांच्या तोंडात आयतेच असतात.

व्यंजनांत दोनच नवी : ‘ग्ब’ आणि ‘क्प’. ‘ग’ नंतर ‘ब’ असा तो जोड नाही. जिभेचे मूळ आणि ओठ एकाच क्षणी बंद करून एकाच क्षणी उघडावयाचे असतात. रोमन लिपीत ‘क्प’ नुसत्या ‘पी’ने लिहिला जातो, शुद्ध ‘प’ योरुबात नाहीच. बाकी शब्दरचना मोकळी, जोडाक्षरे नाहीत. म्हणून इंग्रजीतून आलेला ‘ब्रेड’ तेथे ‘बुरॅदी’ होतो आणि डॉक्टर ‘दोकिता’ होतो. स्टेशनाचे ‘ठेसन’ करणाऱ्या भाषेने यावर हसू नये.

सूर कागदावर दाखवण्यासाठी रोमन अक्षरांच्या डोक्यावर चढत्या-उतरत्या रेघा आणि ‘ॲ’, ‘ऑ’, ‘श’ यांच्यासाठी अक्षराखाली टिंब देण्याची पद्धत आहे. पाठ्यपुस्तकात ही चिन्हे असतात. फलकांवर, पत्रिकांवर, वर्तमानपत्रांत आणि भ्रमणध्वनीवरील निरोपांत ती बहुधा गळतात, कारण जाणत्याला संदर्भावरून कळते. नवशिक्याला कळत नाही. आपल्या महाजनी लिपीत स्वरचिन्हे गाळून पत्र लिहिले जाई, तेव्हाची कथा अनेक मारवाडी घरांत सांगितली जाते : ‘काकाजी अजमेर गये’ हे वाक्य घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली. योरुबाचा विद्यार्थी पहिली दोन वर्षे त्याच घरात राहत असतो.

या सुरांचा दुसरा आविष्कार म्हणजे ‘दुंदुं’ हे डमरूच्या आकाराचे, पण काखेत धरून आकडीच्या काठीने वाजवावयाचे वाद्य. त्याच्या दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या वाद्या काखेत दाबल्या की चामडे ताणले जाऊन सूर चढतो, सोडल्या की उतरतो. वादक केवळ ताल धरीत नाही, तो बोलतो. आलेल्या पाहुण्याचे नाव, त्याच्या कुळाची स्तुती, एखादी म्हण हे सारे शब्दांवाचून, केवळ पट्ट्यांतून सांगतो आणि ऐकणाऱ्यांना ते समजते. चांगले शिक्षक विद्यार्थ्याला शब्द उच्चारण्याआधी नुसता गुणगुणावयास सांगतात, त्यामागे हीच जाण आहे.

नंतर येतात संख्या, आणि येथे मराठी विद्यार्थी इंग्रज विद्यार्थ्याच्या पुढे जातो. आपण १९ ला ‘एकोणीस’ म्हणतो, म्हणजे एक उणे वीस. २९, ३९ असे करत ८९ पर्यंत हीच चाल. उणे करून मोजणे आपल्याला परके नाही. योरुबात हे उणे फार लांब जाते. अकरा ते चौदा हे दहात मिळवून. पंधरा मात्र ‘पाच उणे वीस’, सोळा ‘चार उणे वीस’. मोजणीचा पाया दहा नव्हे, वीस : ‘ओगूं’ वीस, ‘ओगोजी’ दोन विसा म्हणजे ४०, ‘ऑगॉता’ तीन विसा म्हणजे ६०. मग ५० कसे म्हणावयाचे? ‘आदॉता’, अर्थात तीन विसांत दहा उणे. आणि ४५? त्या पन्नासातून आणखी पाच उणे. म्हणजे एका संख्येसाठी एक गुणाकार आणि दोन वजाबाक्या. वीस नगांची ‘कोडी’ मोजलेल्या आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना हा हिशेब जमला असता. आजच्या लागोसमधील मुले बाजारात सरळ इंग्रजी आकडे वापरतात. त्यांना दोष देणे कठीण आहे.

या मोजणीचा संबंध अभ्यासक कवड्यांच्या राशींशी जोडतात. कवड्या हे त्या प्रदेशाचे शतकानुशतके चलन होते, आणि त्या समुद्रकाठच्या त्या नव्हेत. मालदीव बेटांवर वेचलेल्या, बंगाल-सिलोनमार्गे युरोपीय जहाजांत भरलेल्या, आणि मग आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवलेल्या. इंग्रजीतला ‘कौरी’ हा शब्द आपल्या ‘कवडी’चाच. त्या कवड्यांनी तेथे कापड, मीठ आणि याम विकत घेतले जात, आणि माणसेही.

त्या विकल्या गेलेल्या माणसांपैकी एकाने योरुबाचा पहिला मोठा शब्दसंग्रह रचला. अजायी हा १८०९ च्या सुमारास ओशोगून या गावी जन्मला. १८२१ मध्ये गावावर धाड पडली. आई-बहिणींसह तो पकडला गेला, हातोहात विकला गेला आणि अखेर एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावर चढवला गेला. १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या गस्ती जहाजाने ते जहाज अडवले आणि मुलाला सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे उतरवले. तेथे तो शिकला, ख्रिस्ती झाला, सॅम्युएल अजायी क्राउदर या नावाने ओळखला जाऊ लागला. फ्रीटाउनला अशा सोडवलेल्या माणसांची मोठी वस्ती होती. एग्बा, इजेबू, ओयो अशा वेगवेगळ्या मुलखांतली ही माणसे. त्यांची बोली थोडीथोडी वेगळी, आणि सर्वांना मिळून एक नाव त्यांच्या देशातही नव्हते. ‘योरुबा’ हा शब्द तेव्हा मुख्यतः ओयोच्या लोकांपुरता होता. फ्रीटाउनमधील इतरांनी त्यांना एक नाव दिले : ‘आकू’. कारण भेटेल त्याला ही माणसे काहीतरी ‘कू’ म्हणून अभिवादन करीत! घर, गाव, आप्त सारे हरपले तरी कामाला, बसण्याला, सुखरूप असण्याला अभिवादन करण्याची सवय त्यांनी सोडली नव्हती.

क्राउदरचा योरुबा शब्दसंग्रह १८४३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी, १८४६ मध्ये, अबेओकुता येथे त्याची आणि त्याच्या आईची पुन्हा भेट झाली. मधे पंचवीस वर्षे गेली होती. पुढे तो पहिला आफ्रिकन अँग्लिकन बिशप झाला, बायबलच्या योरुबा अनुवादाचे प्रचंड काम त्याने हाती घेतले, आणि त्यातून सर्व बोलींना समजेल अशी एक लेखी भाषा घडत गेली. १८५९ मध्ये अबेओकुता येथे ‘इवे इरोहिं’ हे योरुबा वृत्तपत्र निघाले. १९३८ मध्ये डी. ओ. फागुन्वा यांची पहिली योरुबा कादंबरी आली, जिचा पुढे वोले शोयिंका यांनी इंग्रजी अनुवाद केला. परक्या भूमीवर, घर हरपलेल्या माणसांनी आपल्या भाषेचा पाया घातला, हे योरुबाच्या इतिहासातले सर्वांत हृद्य पान आहे.

ज्यांची जहाजे अडवली गेली नाहीत ते ब्राझील आणि क्यूबाला पोहोचले. त्यांच्या वंशजांनी पूजाविधींत योरुबा शब्द जपले, परंतु पोर्तुगीज आणि स्पॅनिश बोलता बोलता सूर हरपले; आज तेथे म्हटल्या जाणाऱ्या अनेक पदांचा शब्दशः अर्थ गाणाऱ्यालाही सांगता येत नाही. साल्वादोरच्या विद्यापीठात १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिका-आशियाविषयक केंद्रात योरुबाचे वर्ग चालत आले आहेत, आणि पणजोबांच्या पणजोबांची भाषा शिकण्यास तेथे प्रौढ माणसे बसतात. त्या शहराच्या रस्त्यावर विकला जाणारा ‘आकाराजे’ हा पदार्थ म्हणजे योरुबा ‘आकारा’, वाटलेल्या चवळीचा तळलेला वडा. ‘जे’ला जोडलेले क्रियापद आहे ‘जॅ’, खाणे.

आजचा सर्वांत मोठा नवशिक्या वर्ग मात्र याहून जवळचा आहे. लंडनच्या पेकॅममध्ये किंवा अमेरिकेत वाढलेली योरुबा मुले, आणि खुद्द लागोसमधील सुस्थित घरांतली मुलेही, आईबापांचे योरुबा समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. सुटीत आजीकडे गेले की आजी बोलते, नातवंड मान हलवते. हे चित्र मराठी घरांत कोठे कोठे दिसते ते सांगावयास नको. नायजेरियातील अनेक शाळांत ‘देशी भाषा’ बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी मध्यमवयीन माणसे सांगतात. त्यांतल्या पुष्कळांनी मग आपल्या मुलांशी घरातही इंग्रजीच धरली.

याच्या उलट एक प्रयोग इफे विद्यापीठाने १९७० मध्ये सुरू केला होता. शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा यांच्या नेतृत्वाखाली काही प्राथमिक वर्गांना सहाही वर्षे गणित, विज्ञान, समाजशास्त्र हे सारे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय ठेवून तो त्यासाठी तयार केलेल्या शिक्षकांकडून शिकवला. विज्ञानाच्या परिभाषेसाठी योरुबा शब्द घडवावे लागले, पुस्तके नव्याने लिहावी लागली. निष्पन्न असे झाले की ही मुले इतर विषयांत तर सरस ठरलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. फाफुन्वा पुढे देशाचे शिक्षणमंत्रीही झाले. तरीही शहरातील आईबाप शाळेची चौकशी करताना आजही इंग्रजीचीच करतात, आणि त्यांना त्याचे कारण विचारले तर ते नोकरी असे एका शब्दात सांगतात. संशोधनाचे निष्कर्ष आणि घरातली भीती यांची भेट क्वचितच होते.

लागोसमधील शाकाहारी कुटुंबाला योरुबा शिकण्याचे आणखी एक निकडीचे कारण आहे. तेथील मुख्य अन्न याम आणि कसावा, म्हणजे दोन्ही कंद; आकारामध्ये कांदा असतो. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घराला उरतात ‘ॲवा’ म्हणजे चवळी, तांदूळ, मका आणि तळलेली केळी, ज्यांना ‘दोदो’ म्हणतात. ‘मी मांस खात नाही’ याला योरुबात ‘न् की जॅ ॲरां’ म्हणतात. ‘ॲरां’ या शब्दाचा अर्थ मांस असाही होतो आणि पशू असाही. दोहोंना एकच शब्द आहे, जे ऐकून काही वाचक क्षणभर थांबतील. पण एवढे वाक्य पुरत नाही. मासा ‘ॲजा’ हा वेगळा, आणि सुकवून कुटलेली कोळंबी, ‘एदे’, तर मसाल्यातच गणली जाते. भाजीत ती घातली तरी विकणाऱ्या बाई प्रामाणिकपणे ‘यात ॲरां नाही’ असेच सांगतील. म्हणून तीन नकार पाठ करावे लागतात, आणि वाफवलेल्या चवळीच्या पिठाचा ‘मॉइनमॉइन’ घेताना एक प्रश्नही, कारण त्याच्या पोटात पुष्कळदा उकडलेले अंडे असते : ‘शे ॲयिं वा नीनू रॅ?’, यात अंडे आहे का? शेवटचा ‘रॅ’ खालच्या पट्टीत गेला पाहिजे. तो मधल्या पट्टीत राहिला तर ‘त्यात’चे ‘तुझ्यात’ होते, आणि भर बाजारात आपण विक्रेत्या बाईंना, तेही एकेरीत, त्यांच्या पोटात अंडे आहे का असे विचारलेले असते. बहुतेक जणी हसून ‘को सी’ म्हणतात, नाही. आणि मग मॉइनमॉइनकडे बोट दाखवून तेच वाक्य बरोबर सुरात पुन्हा म्हणून दाखवतात.